सरवा, मिरीग आणि रानफुलं: वाचक विचारतात

सृष्टीत देव ओळखायचा कसा, आणि ओळखल्यावर रोजचं वागणं काय बदलतं, यावर प्रश्न मागवले होते. निपाणीपासून खानापूरपर्यंतची पत्रं आली. बरीचशी शेतकरी घरांतली आहेत, त्यामुळे उत्तरांतही माती बरीच आहे. नावं छापलेली नाहीत.

निपाणी भागातून एक शेतकरी: मिरीग निघाला की आम्ही बियाणं चर्चमध्ये नेतो. पाळकसाहेब प्रार्थना करतात, मग पेरणी. यंदा दोन एकरांतलं सोयाबीन निम्मं उगवलंच नाही. शेजारी विचारतात, तुमची प्रार्थना कुठं गेली? काय सांगावं?

शेजाऱ्यांना काय सांगायचं ते नंतर बघू. आधी बी बघू.

सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. पोतं ट्रॅक्टरमधून धाडकन टाकलं, थप्पी उंच लावली, बी मळणीयंत्रातून जोरात काढलं, की आतला कोंब दुखावतो. बाहेरून दाणा टपोराच दिसतो. घरचं बी असेल तर पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी उगवण बघायलाच हवी. पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातून मूठ-मूठ काढून मिसळा आणि न निवडता 100 दाणे मोजा. फुटके काढून टाकून चांगले तेवढे मोजले तर परीक्षा खोटी ठरते, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथंच. ओलं करून पिळलेल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण थबथबू देऊ नका. सहाव्या-सातव्या दिवशी निरोगी कोंब मोजा. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलोचा हिशेब ठीक. 60 आले तर 35 किलो धरा. पन्नासच्या आत असेल तर ते बी गिरणीला द्या.

दुसरं कारण पावसाचं. मिरगाची तारीख 7-8 जूनला येते, पाऊस कधी कधी येत नाही. एका सरीवर पेरलं की बी फुगतं, मग उघडीप पडते आणि ते जागच्या जागी कुजतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, आणि बी 3-4 सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. औषध आणि जिवाणूखत लावताना हातानं रगडू नका, टरफल सुटतं. आधी बुरशीनाशक, मग जिवाणूखत, मग सावलीत सुकवणं, हा क्रम.

आता प्रार्थना. बायबलात मार्कच्या 4थ्या अध्यायात येशू सांगतो की माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं, वाढतं. कसं ते त्याला कळत नाही. जमीन 'आपोआप' पीक देते. या एका शब्दात देवाचं काम आहे. पण दाखल्यातला माणूस बी टाकतो आणि वेळ आली की विळा घालतो, तेवढं काम त्याच्या वाट्याचं. कोंब कसा फुटतो हे आपल्या हाती नाही म्हणून तो फुटेल असं बी निवडणंही आपल्या हाती नाही, असं होत नाही. उगवण न बघता पोतं वेदीपुढं ठेवणं म्हणजे आपल्या वाट्याचं काम देवाच्या अंगावर टाकणं. शेजाऱ्यांना एवढंच सांगा, प्रार्थना केली होती, गोणपाट भिजवायचं राहिलं.

बियाण्याच्या आशीर्वादाची प्रथा मात्र सोडू नका, ती जुनी आहे. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, व्हिएन गावचे बिशप मामर्तुस यांनी सन 470 च्या सुमारास, संकटांच्या काळात, स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस उपास आणि प्रार्थनेच्या फेऱ्या सुरू केल्या. पुढं त्या शेताशिवारातून फिरू लागल्या. स्वर्गारोहण 30 एप्रिल ते 3 जूनच्या दरम्यान येतं, म्हणजे आपल्याकडे ऐन मिरगाच्या तोंडावर. त्याच आठवड्यात चर्चच्या ओट्यावर सगळ्यांची गोणपाटं मांडा. कुणाचं बी परीक्षेला उतरतं आणि कुणाकडं जादा आहे, हे तिथंच कळतं, आणि देवाणघेवाणीला वेळही उरतो.

खानापूर तालुक्यातून एक भगिनी: पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं गेलं की देव अगदी जवळ वाटतो. चर्चमध्ये बाकावर बसलं की लक्ष घड्याळाकडं. रविवारी डोंगरावरच प्रार्थना केली तर चालणार नाही का? घरचे रागावतात.

ताई, डोंगरावर जे वाटतं ते खरं आहे. 'आकाश देवाचा महिमा वर्णिते' हे 19वं स्तोत्र तुमच्याच बाजूचं. पण ते शेवटपर्यंत वाचा. पहिल्या सहा ओव्या आकाशाच्या आणि सूर्याच्या. सातवीपासून ते एकदम नियमशास्त्राकडं वळतं, आणि बाराव्या ओवीत गाणारा स्वतःच्या लपलेल्या चुकांची क्षमा मागतो. आकाश बोलतं, पण त्याला शब्द नाहीत, हे त्याच स्तोत्रात आहे. समजा जावेशी चार महिने अबोला धरलाय, तर ते कणकुंबीचं धुकं तुम्हाला विचारणार नाही. बाकावर शेजारी बसलेली जाऊच विचारेल, नुसत्या बसण्यानं.

शिवाय प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसही सृष्टीतूनच येतात, फक्त दळणाऱ्या, मळणाऱ्या, भाजणाऱ्या हातांतून जाऊन. डोंगरावर हे हात दिसत नाहीत.

तेव्हा डोंगर शनिवारी किंवा रविवारी दुपारी. आणि गेलात तर नुसतं 'किती सुंदर' म्हणून परत येऊ नका. चार काटक्या आणि दोरी घेऊन एक हात लांब, एक हात रुंद जागा आखा. वीस मिनिटं तिथंच बसा, मोबाइल पिशवीत. त्या चौकोनात जे हलतंय, उगवतंय, कुजतंय ते मोजून वहीत लिहा. पहिल्या पाच मिनिटांत तीन-चार गोष्टी दिसतात आणि कंटाळा येतो. खरं दिसायला लागतं ते दहा मिनिटांनंतर: शेवाळाखालचा किडा, कुजक्या पानावरची पांढरी बुरशी, मुंगीनं ओढत नेलेला पंख. मग 104व्या स्तोत्रातल्या दहा ते पंधरा या ओव्या वाचा. त्यांत डोंगरांमधून झरे वाहतात, रानगाढवं तहान भागवतात, माणसाला भाकर मिळते. शेवटी एकच प्रश्न: या चौकोनावरून वाहणारं पाणी पुढं कोण पितं? मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तेच पाणी सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात साठतं आणि हुबळी-धारवाडच्या नळांना येतं. तुमच्या टेकडीवर टाकलेली चिप्सची पिशवी कुणाच्या वाटेवर आहे हे कळलं, की प्रार्थनेला विषय शोधावा लागत नाही.

एक सावधगिरी. प्रत्येक किड्यामुंगीत बोधकथा शोधत बसू नका. देवानं तो किडा काही तुमच्या प्रवचनासाठी केलेला नाही. ईयोबाच्या 39व्या अध्यायात देव रानबकऱ्या, शहामृग, ससाणा यांचं वर्णन करतो, आणि त्यातून ईयोबासाठी तात्पर्य असं एकही काढत नाही.

जून ते सप्टेंबर तिकडं जळवा असतात. सलवार मोज्यात खोचा. चिकटलीच तर ओढू नका, नखानं बारीक तोंडाकडून सरकवून सोडवा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. तिथं अस्वलं आहेत.

बेळगाव तालुक्यातून एक शेतकरी भगिनी: लेवीय 19 मध्ये शेताचे कानेकोपरे पूर्ण कापू नका, सरवा वेचू नका, तो गरीब आणि परक्यासाठी ठेवा, असं आहे. आमचं भात, बटाटा, थोडा भुईमूग. भात आता मशीननं कापतो. हे आज पाळायचं कसं? आणि पाळलं तर लोक पोती भरून नेतील की.

या पत्राला जागा जास्त देतोय, कारण सृष्टीत देव दिसतो म्हणणाऱ्याची परीक्षा बांधावर होते आणि तुम्ही ती नेमकी पकडलीत.

आज्ञा दोन वेगवेगळ्या आहेत. एक कोपऱ्याची: तेवढं पीक उभंच ठेवायचं. दुसरी सरव्याची: कापताना हातून गळलेलं परत उचलायचं नाही. कोपरा किती, हे लेवीयात दिलेलं नाही. पुढं यहुदी धर्मशास्त्र्यांनी मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमग्रंथात किमान साठावा हिस्सा ठरवला. एकराचे 40 गुंठे, म्हणजे साठावा हिस्सा पाऊण गुंठ्यालाही कमी, 27 फूट बाय 27 फूट. एकरी 18 क्विंटल भात धरलं तर 30 किलो भात, कांडून अंदाजे 20 किलो तांदूळ. म्हणजे पोती भरून जायची भीती आकड्यात बसत नाही. सरव्याचंही त्यांनी मोजलं आहे. एका जागी दोन कणसं पडली तर ती गरिबाची, तीन पडली तर मालकाची. हे वाचून हसू येईल, पण नेमकेपणाशिवाय दया टिकत नाही हे त्या लोकांना चांगलं ठाऊक होतं.

भाताचं सोपं आहे. कापणीयंत्राला कोपऱ्यात वळता येत नाही, तिथलं भात तसंही उभं राहतं आणि आपण माणूस लावून ते हातानं कापून घेतो. ते कापू नका. पण 'कुणीही या' म्हणून सोडलं तर आधी पोचतात ती शेजारची जनावरं, आणि विधवा बाईला कळतं तेव्हा चिखल उरलेला असतो. मिश्नात याचाही विचार आहे. गरिबांनी शेतात यायच्या वेळा तीन, पहाट, दुपार आणि दिवस कलताना. आणि कोपरा शेताच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे कुणाला दिवसभर वाट बघत ताटकळत राहावं लागू नये. तुम्हीही जागा आणि दिवस ठरवा. नोव्हेंबरात यंत्र ज्या दिवशी येतं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रस्त्याकडचा कोपरा. गल्लीत आधी सांगा. विळा ज्यानं त्यानं आणावा. तुम्ही कापून, पाखडून, पिशवी भरून फोटो काढत देऊ नका. बायबलातल्या परक्या, विधवा रूथनं बवाजाच्या शेतात दिवसभर वेचून संध्याकाळी एक एफा, म्हणजे सुमारे 22 लिटर, जव स्वतः झोडून घरी नेलं. तिची मान ताठ राहिली ती त्या झोडण्यामुळं.

बटाट्यात गोम आहे. काढणीनंतर एक-दोन दिवसांत दुसरी नांगरट झाली की खालचे बटाटे वर येतात, तो खरा सरवा. पण नांगराचा फाळ लागलेला बटाटा दोन-तीन दिवसांत सडायला लागतो आणि पोत्यातल्या बाकीच्यांनाही लावतो. तो वेगळा वेचायला सांगा, त्याच दिवशी शिजवायला. आणि उन्हात उघडा राहून हिरवा पडलेला बटाटा सरव्यात जाऊ देऊ नका. त्यात सोलॅनिन तयार होतं, उकडून जात नाही, पोटात कळ, उलट्या सुरू होतात. आपल्याला खायचा नाही तो गरिबाला, ही सरव्याची आज्ञा नव्हे. वेचणी नांगरट झाल्याच दिवशी संध्याकाळी व्हावी, म्हणजे बटाटा हिरवा पडत नाही.

भुईमुगाच्या बाबतीत जमीन वाळून कडक झाली की उपटताना शेंगा खाली तुटून राहतात. त्या वेचायला खुरपं लागतं, मेहनत बरीच. काळी बुरशी चढलेल्या आणि किडक्या शेंगा टाकून द्यायला सांगा. त्या खारवून किंवा भाजूनही निर्धोक होत नाहीत.

राहिली शेवटची भीती, ज्यांना गरज नाही तेही येतील. येतील. एखादा नेईल. साठाव्या हिश्श्यातला काही भाग अशा माणसाकडं जाणार हे धरूनच चालायचं. चौकशी करून देणं लेवीयात नाही. तिथं गरीब आणि परका असे दोनच शब्द आहेत, आणि आपल्या भागात ऊसतोडीला परजिल्ह्यातून आलेली माणसं दुसऱ्या शब्दात येतात, मग ती कुठल्याही भाषेत बोलोत.

गोकाक तालुक्यातून एक वाचक: 2019 च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेचं पाणी घरात शिरलं. तेव्हा एका प्रार्थनासभेत सांगितलं गेलं की हा पापांचा दंड. सृष्टीतून देव बोलतो म्हणता, मग पुरातून तो हेच बोलला का?

नाही. सिलोआमचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा येशूनं विचारलं की यरुशलेमातल्या इतर सगळ्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं काय, आणि स्वतःच 'नाही' म्हणाला (लूक 13). पुढं तो पश्चात्तापाचं बोलतो, पण ते ऐकणाऱ्यांच्या स्वतःच्या पश्चात्तापाबद्दल, मेलेल्यांच्या नव्हे. वादळ, भूकंप, अग्नी एलीया संदेष्ट्यासमोरून गेले आणि देव त्यांत नव्हता, हे 1 राजे 19 मध्ये आहे. गर्जना मोठी म्हणून बोलणारा देवच, असं धरायचं कारण नाही. पूर यायची कारणं डोळ्यांसमोर असतात: घाटमाथ्यावर थोड्या दिवसांत कोसळलेला पाऊस, घटप्रभेवरच्या हिडकल धरणात साठलेलं आणि सोडावं लागलेलं पाणी, त्यात मार्कंडेय नदीची भर, नदीकाठावर चढलेली घरं. ही कारणं सांगितल्यानं देव लहान होत नाही. पण भिजलेल्या घरात उभ्या बाईला 'तुझं पाप' म्हटल्यानं उपदेशक मात्र नक्की लहान होतो.

अशा वेळी विश्वास दिसतो तो विहिरीपाशी. पुराचं पाणी शिरलेली विहीर आधी पंपानं उपसून तळाचा गाळ काढा. नवं पाणी आलं की मोजमाप घ्या. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 3.14, भागिले 4, म्हणजे घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर असेल तर 28 हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे या विहिरीला 70 ग्रॅम. पुरानंतर पहिल्यांदा दुप्पट घ्या. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको. थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, खालचा चुना विहिरीत टाकू नका, त्यानं पाणी कठीण होतं. दुसरी बादली दोरानं पाण्याखाली सोडून वरखाली हलवा. हे रात्री करा, सकाळपर्यंत कुणी पाणी शेंदू नये. तासाभरानं आरोग्य कर्मचाऱ्याकडच्या क्लोरोस्कोपनं तपासा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं तर जमलं. कमी असेल तर पुन्हा टाका. पावडरीचा डबा बरेच दिवस उघडा असेल, वास गेला असेल, तर ती कितीही टाकून उपयोग नाही, हे नेहमी चुकतं.

कोरड्या अंगाच्या माणसानं भिजलेल्याला 'ऊब घ्या' म्हणून नुसतं पाठवून देण्याबद्दल याकोबाच्या 2ऱ्या अध्यायात काय म्हटलंय, ते त्या प्रार्थनासभेत वाचायला हरकत नाही.

बेळगाव शहरातून मंडळीच्या एक सेक्रेटरी: कापणीच्या सणाला चर्च भरून वस्तू येतात. पण निम्मा भाजीपाला दुपारपर्यंत सुकतो, लिलावात तेच चार जण बोली लावतात, आणि थर्माकोलच्या सजावटीचा ढीग उरतो. सण नीट कसा करावा?

तारीख आधी बदला. सोयीसाठी सप्टेंबरात घेतलेल्या सणाला आपल्या शिवारातलं भात अजून पोटरीत असतं, मग बाजारातून लोंब्या विकत आणाव्या लागतात. 8 सप्टेंबरला मारियेच्या जन्मदिनी नव्या भाताचा सण ही कोंकणी घरांची चाल, ती किनाऱ्याच्या पिकाशी जुळलेली. बेळगावच्या बासमतीला आणि जाडभातालाही नोव्हेंबर उजाडतो. नोव्हेंबरअखेरचा रविवार धरा: भात, रताळी, भुईमूग, घेवडा, लाल भोपळा, सगळं खरंच आपलं असतं.

टिकणारं (धान्य, भोपळा, नारळ, रताळी, ऊस) शनिवारी संध्याकाळी घ्या. पालेभाजी, टोमॅटो, अंडी, दूध रविवारी सकाळी उपासनेआधी अर्धा तास. पालेभाजी धुऊन आणू नका, ओल्या जुड्या गरम होऊन आतून पिवळ्या पडतात. मुळासकट, ओल्या गोणपाटावर उभी ठेवा, खिडकीच्या उन्हापासून लांब. टोमॅटो सगळ्यांत वर. सजावटीला दारात उसाच्या मोळ्या आणि केळीचे खुंट पुरतात. सण संपला की ऊस मुलांना आणि खुंट शेजारच्या गोठ्यात.

वस्तूंवर नावाच्या चिठ्ठ्या लावू नका. जोंधळा एका टोपलीत, तांदूळ एका टोपलीत, सगळ्यांचा मिसळून. पायलीभर आणणाऱ्याचं आणि मूठभर आणणारीचं एकत्र गेलं की लूक 21 मधल्या विधवेवर वेगळं प्रवचन लागत नाही. लिलाव ठेवायचाच तर दहा-बारा वस्तूंचा, आणि त्यात नाशवंत काही नको. बाकीच्याचे आधीच वाटे घाला. दीड वाजेपर्यंत ते घरोघर पोचवायला चार माणसं आणि एक टेम्पो शनिवारीच ठरवून ठेवा. वाटा पोचवताना घरातल्या माणसाशी पाच मिनिटं बसायचं, दारातून पिशवी देऊन पळायचं नाही. शहरातल्या ज्यांच्याकडं शेत नाही ते काय आणणार, असा प्रश्न येतोच. गवंडी ओळंबा आणतो, शिवणारी बाई कात्री आणते, परत घेऊन जाते. देवापुढं ठेवायची ती कामाची वस्तू, विकत आणलेला भोपळा नव्हे.

चिकोडी तालुक्यातून: बेंदराला आम्ही ख्रिस्ती शेतकऱ्यांनी बैलांचं काय करायचं? गावात सगळे पूजा करतात.

पूजा नको, विसावा हवा. बैल आणि गाढवाला सातव्या दिवशी विसावा द्या असं निर्गम 23 मध्ये आहे, आणि मळणीच्या बैलाला मुसकं घालू नका असं अनुवाद 25 मध्ये. तेव्हा त्या दिवशी औताला जुंपू नका, नदीवर न्या, घासूनपुसून धुवा, खांद्याची घट्टी आणि खूर बघा. शिंगांना ऑइलपेंट नको, गेरू पुरे. पुरणपोळ्या आणि गूळ दोन-चार घासांपेक्षा जास्त चारू नका. एकदम गोडपिठाचं जादा पोटात गेलं की आम्ल होतं, बैल रवंथ सोडतो, कधी दगावतो. गावाच्या आनंदात भाग घ्यायला हे पुरेसं आहे. आरतीच्या वेळी मागं शांत उभं राहिलं तर शेजारी समजून घेतात. टीका करत उभं राहिलं तर घेत नाहीत.

जांबोटी भागातून संडे स्कूलच्या शिक्षिका: 'रानातली फुलं पाहा' (मत्तय 6) हा धडा आहे. ती फुलं कोणती? आमच्या मुलांना काय दाखवू?

मूळ ग्रीक शब्द 'क्रिनोन'. त्याचं भाषांतर कमळ किंवा लिली असं होत आलं. गालीलच्या टेकड्यांवर वसंतात लाल अनेमोनी फुलते, बऱ्याच अभ्यासकांचा कल तिकडं आहे. नाहीतर येशूच्या पायाशी असलेली साधी रानफुलं, सगळी मिळून. पुढं तिसाव्या ओवीतला तपशील मुलांना आवडेल. ती फुलं उद्या भट्टीत पडतात. त्या भागात सरपण कमी, म्हणून वाळलेलं गवतच भाकरीच्या भट्टीत जाळत. म्हणजे शलमोनाहून देखणी वस्तू ही तिथली चुलीतली काडी होती.

चित्र दाखवू नका, बाहेर न्या. ऑगस्ट-सप्टेंबरात तेरडा: पिकलेली शेंग बोटानं दाबली की फट्कन उलगडते आणि बी उडतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात माळावर सोनकीचा पिवळा गालिचा आणि बांधावर कुर्डू. कुर्डूची कोवळी पानं घरी भाजीला असतात, हे मुलंच सांगतील. 'ती कष्ट करत नाहीत' याचा अर्थ आळशी राहा असा मुलं लगेच काढतात. त्यांना विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारं सुगरणीचं घरटं दाखवा. गवताची एकेक पाती चोचीनं चिरून आणत नर ते अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं विणतो. पाखरं पेरत नाहीत, पण झोपूनही राहत नाहीत. ती सोडतात फक्त उद्याची धास्ती. घरट्याला हात लावू देऊ नका, पिल्लं उडून गेल्यावर गळून पडलेलं आणा.

कुंपणात कळलावी फुललेली असेल, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी. मुलं सगळ्यांत आधी तिलाच धरतील. लांबूनच दाखवा. तिच्या सगळ्या भागांत विष असतं, कंदात सर्वांत जास्त, आणि तो कंद रताळ्यासारखा दिसतो. कुणी खणून घरी नेत नाही ना, हे परतताना पिशव्या उघडून बघा.